खरी की शाळेची?

आमच्या नात्यात मला ‘कॉम्प्युटरची डॉक्टर’ म्हणतात. एका पुतण्याच्या लग्नात, अक्षता पडून पंगत बसायच्या आत एका गृहस्थांनी मला बाजूला घेतलं आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं, “वहिनी, आमचा प्रिंटर ओली पानं काढतोय, काय करावं?” मी म्हटलं, दोन दिवस पातळ काही देऊ नका. त्यांनी मान डोलावली आणि आभार मानले. माझा विनोद फुकट गेला याचं दुःख नाही. माझ्या विषयाबद्दल लोकांची समजूत कुठवर पोहोचली आहे ते त्या दिवशी कळलं.

मी साधी फिजिशियन. ताप, मधुमेह, छातीत भरलेला कफ, यांतच हयात गेली. भूगाव सोडून पौडकडे निघालं की रस्त्याला एका ट्रस्टचं रुग्णालय लागतं, तिथे. शेवटची काही वर्षं मात्र तिथल्या शिकाऊ डॉक्टरांना मी ‘क्लिनिकल इन्फॉर्मॅटिक्स’ नावाचा विषय शिकवला. त्याला मराठीत धड शब्द नाही. आमच्या नोंदणी खिडकीवरच्या मंदाताई त्याला ‘नोंदीची डॉक्टरकी’ म्हणत, आणि मला तरी याहून बरा शब्द अजून सापडलेला नाही.

गोष्ट सोपी आहे. पेशंट काहीतरी सांगतो, डॉक्टर ऐकतो आणि कुठेतरी लिहितो. पुढे दुसरा डॉक्टर ते वाचतो आणि त्यावर भरवसा ठेवून औषध देतो. या वाटेवर माहिती सांडते, वाकडी होते, कधी एकाची दुसऱ्याच्या माथी बसते. ती कुठे सांडते हे ओळखायचं आणि सांडू द्यायची नाही, एवढीच ती डॉक्टरकी. पूर्वी हे कागदावर चालायचं, आता कॉम्प्युटरवर चालतं. फरक इतकाच, की कागदावरची चूक एका कपाटात पडून राहते आणि कॉम्प्युटरवरची चूक एकाच क्षणी सगळ्या मजल्यांवर पोहोचते. हे वाक्य मी वर्गात अनेकदा टाळ्या घेण्यासाठी वापरलं. त्याचा अर्थ मला नंतर कळला.

आमच्याकडे दोन दिशांनी पेशंट यायचे. भूगावच्या सोसायट्यांमधून आयटीतली मंडळी यायची. कुणी अकोल्याचं, कुणी लातूरचं, सगळ्यांच्या हातात फाइल. त्यातल्या एकाने तीन महिन्यांचं स्वतःचं ब्लडप्रेशर सकाळ-दुपार-संध्याकाळ मोजून रंगीत तक्ता करून आणला होता. मी तक्ता बघत होते आणि तो माझ्याकडे बघत होता. शेवटी मी विचारलं, “झोप कशी आहे?” तर म्हणाला, “मॅडम, झोपेचा कॉलम केलेलाच नाही.” बिचाऱ्याचं दुखणं त्या न केलेल्या कॉलममध्ये होतं.

दुसऱ्या दिशेने, म्हणजे माले, मुठा खोरं, वरच्या वाड्या-वस्त्या, यांतून जी माणसं यायची त्यांच्या हातात काहीच नसायचं. मागचा केस पेपर विचारला की “घरी हाय,” आणि घरी कुठे विचारलं की “पत्र्याखाली खवला हुता, उंदरानं खाल्ला.” त्यांची सगळी फाइल मंदाताईंच्या डोक्यात असे.

मंदाताईंबद्दल सांगायला हवं. बारावी शिकलेल्या, मूळच्या मुठा खोऱ्यातल्या, लग्न होऊन भूगावात आलेल्या. रुग्णालय उघडलं त्या दिवसापासून त्या नोंदणीच्या खिडकीत होत्या. केस पेपरच्या उजव्या कोपऱ्यात त्या पेन्सिलीने बारीक अक्षरात काहीतरी लिहून ठेवायच्या. ‘वाकडं बोट’. ‘जुळ्यांची आई’. ‘मेंढरवाला’. ‘मोठ्यानं बोला’. मी नवी असताना एकदा चिडून विचारलं होतं, हे काय आहे? त्या म्हणाल्या, “मॅडम, इथे निम्मी वाडी एका आडनावाची. आजोबाचं नाव नातवाला. नावावरून माणूस सापडत नाही, खुणेवरून सापडतो.” मला ते गबाळं वाटलं. खरं सांगायचं तर अडाणीपणाचं वाटलं.

मग कॉम्प्युटर आला. जुने केस पेपर त्यात भरायचं काम माझ्याकडे आलं, कारण वरिष्ठांमध्ये मला एकटीलाच माऊस न घाबरता धरता यायचा. वासरांत लंगडी गाय शहाणी. माझ्या हाताखाली डॉ. निनाद होता, एमडी करणारा, शहरात वाढलेला, बोटं आणि डोकं दोन्ही झरझर चालणारा. नव्या फॉर्ममध्ये नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव, जन्मतारीख असे चौकोन होते. पेन्सिलीच्या खुणेला चौकोन नव्हता. मंदाताईंनी विचारलं, “आणि कोपऱ्यातलं कुठे लिहायचं?” मी म्हटलं, “कुठेच नाही. आता त्याची गरज नाही.” केस पेपर भरून झाले की रद्दीत द्या, असंही मी सांगितलं. त्यावर त्या “बरं” म्हणाल्या.

भरताना एक अडचण आली. एकाच माणसाच्या दोन-दोन, तीन-तीन नोंदी निघायला लागल्या. मी नियम केला: नाव, वडील, आडनाव, गाव आणि जन्मतारीख, पाचही जुळलं की तो एकच माणूस; त्याच्या नोंदी एकत्र करायच्या. दोन नोंदींत मतभेद असेल तिथे नवी नोंद खरी धरायची. निनादला शेजारी बसवून मी हे शिकवलं. “आडनाव सारखं असू शकतं, नाव सारखं असू शकतं,” मी म्हटलं, “पण जन्मतारीख? ती माणसाची माणसाला.” हे वाक्य आजही आठवलं की कानाच्या पाळ्या गरम होतात.

त्यात एक बबन होता. त्याच्या दोन नोंदी. पाचही गोष्टी जुळल्या आणि मी स्वतः बटण दाबलं. (नाव अर्थातच बदललं आहे. दोघांचंही बदललं आणि बदलून पुन्हा दोघांना एकच दिलं, कारण गोष्टच तशी आहे.)

काही महिने गेले. एका दुपारी मी वरच्या मजल्यावर वर्ग घेत होते आणि खालून निनादचा फोन आला. मुठा खोऱ्याच्या वरच्या वस्तीवरचा एक शेळ्या-मेंढरं राखणारा माणूस आला होता. शेळ्यांसाठी डहाळी तोडताना पायाला कोयता लागलेला, चार दिवस हळद भरून अंगावर काढलेलं. पाय गुडघ्यापर्यंत सुजलेला, पू झालेला, अंगात सणसणून ताप. इंजेक्शन लगेच सुरू करायला हवं होतं, निनादने ते लिहिलंही होतं, आणि सिस्टरनी ते भरून हातात घेतलं होतं. सुई टोचायच्या आधी त्यांनी सहज विचारलं, साखरेची गोळी सकाळी घेतली का? कारण स्क्रीनवर मधुमेह होता.

“मॅडम,” निनाद म्हणाला, “स्क्रीनवर साखर आहे. पेशंट तापात आहे, त्याची बायको म्हणतेय साखर नाही.”

आता मी काय म्हणाले ते जसंच्या तसं लिहिते, कारण हा लेख त्यासाठीच आहे. मी म्हणाले, “अरे, साखर कबूल करायला लोकांना लाज वाटते. स्क्रीन बघ आणि पुढे जा.”

मग तो म्हणाला, “मॅडम, ती नुसतं नाही म्हणत नाहीये. साखर कुणाला आहे तेही सांगतेय. खोटं बोलणारा माणूस इतका पत्ता देत नाही. मी इंजेक्शन थांबवलंय. तुम्ही खाली या.”

शिकाऊ डॉक्टरने वरिष्ठांना ‘खाली या’ म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही. मी खाली गेले ती जिना उतरताना त्याला काय सुनवायचं याची जुळवाजुळव करत. कॉटवर बबन पडला होता, डोळे अर्धे मिटलेले. उशाशी त्याची बायको हिराबाई, पदर खोचून, सिस्टरच्या आणि नवऱ्याच्या मधे उभी. इंजेक्शन ट्रेमध्ये तसंच.

“डाक्टरीनबाई, तुमी तरी ऐका,” ती मला म्हणाली. “ह्यांस्नी साखर न्हाई. कवाच नव्हती. साखर त्या बंगल्यावरल्या बबनला हाय.”

“कोण बंगल्यावरचा?”

“आमच्याच गावचा, आमच्याच भावकीतला. पावण्यांचा बंगला राखतुया, खाली मुठ्यात. त्यो बबन, ह्यो बी बबन. त्याचा बा धोंडिबा, ह्यांचा बी धोंडिबाच. पर त्यो गोरा हाय.”

मी एवढंच म्हणाले, “मंदाताईंना बोलवा.”

मंदाताई आल्या, कॉटकडे बघितलं आणि विचारलंसुद्धा नाही. “हा मेंढरवाला,” म्हणाल्या आणि परत फिरल्या. पाच मिनिटांत त्या आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक पिवळा पडलेला केस पेपर होता. रद्दीत द्यायला सांगितलेल्या गठ्ठ्यांतला एकही कागद त्यांनी दिला नव्हता. जिन्याखालच्या खोलीत, वाडीवार दोऱ्याने बांधून, सगळे ठेवले होते. वर कोपऱ्यात पेन्सिलीने ‘मेंढरवाला’, आणि त्याखाली लाल शाईने, माझ्याच एका जुन्या सहकाऱ्याच्या अक्षरात: पेनिसिलीन देऊ नये. अंगभर गांधी उठल्या, घसा आवळला.

ट्रेमध्ये भरून ठेवलेलं इंजेक्शन त्याच घराण्यातलं होतं.

मी दोन बबन एक केले तेव्हा बंगलेवाल्याची नोंद नवी होती. त्यात अॅलर्जीच्या चौकोनात ‘नाही’ होतं. नवी नोंद खरी, या माझ्या नियमाने ती लाल शाई पुसली गेली होती. मेंढरवाल्याला मी दुसऱ्याची साखर दिली आणि त्याचं स्वतःचं एकमेव संरक्षण काढून घेतलं. एका बटणाने, आणि शिकवता शिकवता.

औषध बदललं, पाय उघडून साफ केला, ताप तिसऱ्या दिवशी उतरला. पाय वाचला. बबन वाचला. ते दोन दिवस मी कितीतरी वेळा त्याच्या कॉटपाशी जाऊन आले. नाडी बघायचं निमित्त, बघायचा होता माणूस.

बरं वाटायला लागल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. आमच्या वकिली डोक्याच्या कुणी तरी नको म्हटलं होतं, पण मला ते जमेना. मी म्हटलं, “बबनराव, चूक माझी होती. मी तुम्हाला आणि त्या बबनला एकच समजले.”

तो हसला. “न्हवं, त्यात नवं काय? शाळंत गुरुजी बी असंच करायचे. खोडी त्यो काढायचा, छडी मला. ह्या डावाला सुई हुती, एवडंच.”

“पण तुमची जन्मतारीखसुद्धा एक आहे हो! दिवस, महिना, साल. एक जून.”

“व्हय, एक जून. आमच्या आख्ख्या वर्गाची एक जून. बाई, ती शाळंची तारीख हाय. खरी कुटं?” आणि मग, लहान मुलाला समजवावं तसं, “गुरुजी वस्तीवर आले, पोरं मोजली, पटावर लिवली. आय म्हनायची, मी झालो तवा मेंढरं खाली कोकणात उतरली हुती. आता कोकणाला तारीख आसती का?”

मी केबिनमध्ये येऊन बसले. मागोमाग मंदाताई चहा घेऊन आल्या. कप ठेवला आणि जाता जाता म्हणाल्या, “मॅडम, रागावणार नसाल तर एक सांगू? तुमचीही एक जूनच आहे. तुमची फाइल मीच लावते ना.”

मी सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातली शेतकऱ्याची मुलगी. माझी आई मला सांगत आली की तू झालीस तेव्हा हरभरा सोंगायला आला होता आणि मी पाटीभर घाटे तसेच टाकून घरी आले. हरभरा जूनमध्ये कुणी सोंगत नाही. जून महिन्याची पहिली तारीख हा माझा वाढदिवस नसून शाळेच्या पटाचा आहे, हे मला जन्मभर ठाऊक होतं. त्या तारखेवर मी कॉलेजात गेले, नोकरी केली, केक कापले. आणि स्वतः एक जूनची मुलगी असून मी त्या निनादला ठणकावून शिकवलं होतं, की जन्मतारीख माणसाची माणसाला असते! शिक्षणाने माणूस शहाणा होतो म्हणतात. माझ्या बाबतीत त्याने मला माझ्याच आईचं म्हणणं विसरायला लावलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी तीन कामं केली. बंगलेवाल्या बबनला बोलावून त्याची नोंद वेगळी केली (हिराबाई खोटं बोलत नव्हती, तो खरंच गोरा होता). पाचही गोष्टी जुळवून एक केलेल्या सगळ्या जोड्या मंदाताई आणि निनाद यांच्यापुढे ठेवल्या. त्या खोलीतल्या दोऱ्याने बांधलेल्या गठ्ठ्यांवरून आम्ही त्या एकेक करून तपासल्या, आणि आणखी काही माणसं आपापल्या दुखण्यांकडे परत पाठवली. आणि सॉफ्टवेअर करणाऱ्या मुलांना बोलावून फॉर्ममध्ये दोन चौकोन वाढवून घेतले. एक ‘ओळखीची खूण’. दुसरा जन्मतारखेच्या खाली: ‘खरी की शाळेची?’ मुलं म्हणाली, हा दुसरा चौकोन जगात कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये नाही. मी म्हटलं, जगात एक जूनला एवढी माणसं तरी कुठे जन्मतात?

त्याच सुमारास या विषयाच्या प्रशिक्षणाची शैक्षणिक उद्दिष्टं लिहून द्यायचं काम एका समितीने माझ्यावर सोपवलं होतं. उद्दिष्टं एका ठराविक साच्यात लिहावी लागतात: ‘प्रशिक्षणाअखेर डॉक्टरला अमुक करता येईल.’ मी आधीच चौदा लिहून ठेवली होती. ‘माहितीच्या गुणवत्तेची संकल्पना विशद करता येईल’ वगैरे. वाचणाऱ्याला झोप यावी आणि लिहिणाऱ्याला मानधन मिळावं अशी. ती मी फाडली. नव्या कागदावर पहिलं वाक्य लिहिलं: ‘प्रशिक्षणार्थी डॉक्टर पहिले दोन आठवडे नोंदणी खिडकीत बसेल आणि तिथल्या कर्मचाऱ्यांकडून माणूस ओळखायला शिकेल.’ दुसरं लिहिलं: ‘स्क्रीन आणि पेशंट यांच्यात मतभेद असेल तर डॉक्टरला हातातलं इंजेक्शन खाली ठेवता येईल.’ आणि तिसरं, निनादसाठी: ‘वरिष्ठ चुकत असतील तर त्यांना खाली बोलावता येईल.’

समितीतल्या एका सदस्यांनी विचारलं, “पहिल्या उद्दिष्टात ‘खिडकी’ हा पारिभाषिक शब्द आहे का?” दुसरे म्हणाले, तिसरं उद्दिष्ट शिस्तीला धरून नाही. त्यांनी माझी वाक्यं उचलून जड कपडे घालून बसवली, ‘बहुस्तरीय संवाद’ असं काहीतरी केलं. पण गाभा राहिला. आणि आमच्याकडे तरी दर वर्षी नवे डॉक्टर दोन आठवडे मंदाताईंच्या शेजारच्या स्टुलावर बसू लागले. पहिल्या दिवशी नाकं मुरडायचे, दहाव्या दिवशी “ताई, हे कोण?” असं हळू आवाजात विचारायचे. मंदाताई त्यांना दोन बबनची गोष्ट सांगत. ती त्या सांगतात हे मला माहीत होतं. कशी सांगतात ते विचारायचा मला धीर झाला नाही.

मला काय वाटतं ते सरळ लिहिते. या माणसांचं माझ्यावर ऋण आहे. हिराबाई सुई आणि नवऱ्याच्या मधे उभी राहिली. निनादने माझं ऐकलं नाही. माझ्या आज्ञेचा इतका उपकारक भंग आयुष्यात कुणी केला नाही. आणि मंदाताईंनी माझ्या तोंडावर “बरं” म्हणून माझ्या पाठीमागे मला वाचवलं. एक खंत आहे, ती फोनवरच्या त्या वाक्याची. ‘स्क्रीन बघ आणि पुढे जा.’ तो पुढे गेला असता तर आज हा लेख नसता, आणि मलाही कुठे तोंड दाखवता आलं नसतं.

मी निवृत्त झाले ती अर्थातच एकतीस मे रोजी. आमच्या एक जूनवाल्यांची सगळी फौज त्याच दिवशी घरी जाते. मंदाताईही पुढे निवृत्त झाल्या, पण रुग्णालयाने त्यांना सोडलं नाही. आठवड्यातून दोन दिवस त्या नव्या डॉक्टरांना शिकवायला येतात.

परवा गुडघा फारच धरला म्हणून मी त्याच रुग्णालयात गेले, या वेळी पेशंट म्हणून. मंदाताईंचा वार नव्हता. खिडकीत एक अनोळखी तरुण डॉक्टर बसली होती, स्टेथोस्कोप खिशात कोंबलेला. म्हणजे दोन आठवड्यांची शिक्षा भोगणारी. नाव, गाव विचारून झालं.

“जन्मतारीख, काकू?”

“एक जून.”

तिने कीबोर्डवरचे हात उचलले, माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, “खरी की शाळेची?”

तो चौकोन बघायला मी खिडकीतून आत वाकले. तिला वाटलं, मला प्रश्न कळला नाही. तिने तो पुन्हा, सावकाश विचारला.

“शाळेची,” मी म्हटलं. “खरी हरभरा सोंगायच्या वेळची.”

तिने ते तसंच लिहिलं. “आणि ओळखीची खूण काय लिहू?”

“लिही, दोन बबन एक करणारी.”

ती टाइप करता करता थांबली. “म्हणजे... त्या तुम्ही? मॅडम, ती गोष्ट ताई आम्हाला पहिल्याच दिवशी सांगतात. पण चूक कुठल्या डॉक्टरची, ते सांगत नाहीत. आम्ही कितीदा विचारलं.”

“मग काय म्हणतात?”

“म्हणतात, नाव सांगून काय उपयोग? एका नावाची दोन माणसं असतात.”